मावशीचा बँजो वाजवणारा दीर

माझ्या मावशीच्या घरात गाणं लागत नसे. रेडिओ होता, पण तो बातम्यांपुरता. बातम्या संपून पुढचं काही सुरू व्हायच्या आत काका उठून बटण फिरवत आणि कपाळावर दोन बोटं टेकवून म्हणत, "डोकं धरतं." काका पाणीपुरवठा खात्याच्या कारखान्यात पाण्याचे मीटर दुरुस्त करायचे. दिवसभर त्या पितळी चाकांची टिकटिक ऐकून माणसाचं डोकं उठत असेल, असा आम्ही सगळ्यांनीच समज करून घेतला होता. आई सांगायची, लग्नाआधी मावशीला सारखं गुणगुणायची खोड होती. केस विंचरताना, भांडी पुसताना, अगदी परीक्षेचा पेपर लिहितानासुद्धा, आणि त्यापायी तिला एकदा वर्गाबाहेर काढलं होतं. मी कळती झाल्यापासून तिला एकदाही गुणगुणताना ऐकलेलं नाही.

गाण्याबजावण्याशी संबंधित अशी त्या घरात एकच वस्तू होती, तीही भिंतीवर. मावशीच्या दिराचा फोटो. दाढी वाढलेला, टोपी भुवयांपर्यंत ओढलेला, तंबूच्या खांबाला टेकून बसलेला एक तरुण, आणि त्याच्या मांडीवर बँजो. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवतात तो आडवा बँजो नव्हे. हा गोल, डफासारख्या तोंडाचा, लांब दांड्याचा, पाच तारांचा. काकांचा हा धाकटा भाऊ एका फिरत्या नाटक कंपनीत वाजवायचा म्हणे. लग्नाला आला नाही. पुढे पत्र नाही, फोन नाही. फोटोसुद्धा काकांच्या ट्रंकेच्या तळाशी मावशीलाच सापडला होता, लग्नानंतर. "कोण हा?" तिनं विचारलं. "भाऊ," काका म्हणाले. "मग ट्रंकेत कशाला कोंडलाय त्याला?" असं म्हणून ती दुसऱ्याच दिवशी चौकट करून घेऊन आली.

काकांना आईवडील नव्हते. वाढवणारे मामाही वारले होते. सासरचं म्हणावं असं मावशीला हे एकच माणूस, आणि तेही काचेआडचं. म्हणूनच की काय, तिचा त्याच्यावर भारी जीव. "आलाच कधी तर" म्हणून तिनं त्याच्यासाठी विणलेला स्वेटर वर्षानुवर्षं कपाटात होता. माझ्या वडिलांनी एका थंडीत तो मागितला, तर म्हणाली, "भाऊजी, तो माझ्या दिराचा आहे." वडील चाट पडले.

मावशीचं काम फिरतीचं. डोळे तपासायची एक मोठी गाडी होती. तीत अक्षरांचा तक्ता, भिंगांच्या पेट्या आणि एक गोल फिरणारी खुर्ची. मावशी आणि ड्रायव्हरदादा महिन्यातले निम्मे दिवस गावोगाव जात, लोकांचे नंबर काढत आणि मिळेल त्या लॉजवर मुक्काम करत. प्रत्येक लॉजच्या मॅनेजरला ती विचारी, "बँजो वाजवणारा, दाढीवाला, अमुक अमुक उंचीचा कुणी इथे उतरतो का?" ड्रायव्हरदादा वैतागायचे. "ताई, तुम्ही दिराला शोधताय, पण तो तुम्हाला शोधतोय का?" मावशी घरी येऊन काकांना सांगे, "याही खेपेला काही पत्ता लागला नाही हो." काका म्हणत, "जाऊ दे. तो तसाच आहे." आणि पान अर्धवट टाकून उठत. भावाच्या आठवणीनं जेवण जात नसेल, असं तिला वाटे.

असंच एकदा संध्याकाळी ती एका लॉजच्या खोलीत पाय पसरून बसली होती. खालच्या व्हरांड्यातून बँजो ऐकू आला. मावशी मला सांगत होती, "मी चप्पलसुद्धा घातली नाही गं. जिना कसा उतरले मला आठवत नाही. म्हटलं, सापडला."

खाली खुर्चीत एक टकला, गोल पोटाचा माणूस बसला होता. बियाणं विकणाऱ्या कंपनीचा एजंट. मावशीचं तोंड इतकं पडलं की त्यानं वाजवणं थांबवून विचारलं, "त्रास होतोय का? बंद करतो." तेव्हा मावशीनं सगळी कथा सांगितली. त्या बिचाऱ्यानं काय म्हणावं हे न सुचून बँजोच तिच्या हातात दिला.

"एकदा तारांवरून बोट फिरवा," तो म्हणाला. "काही दाबू नका."

तिनं फिरवलं. नुसत्या मोकळ्या तारा, पण त्या आधीच एकमेकींशी जुळवलेल्या होत्या, त्यामुळे एक आख्खा गोड सूर उठला. मावशीनं पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. पन्नाशीला टेकलेल्या, हयातीत वाद्याला हात न लावलेल्या बाईच्या हातून ते निघालं होतं. ती तिथेच पायरीवर बसली.

एजंट बोलका होता. त्यानं तिला सांगितलं, शिकायला महागातला घेऊ नका. पण अगदी खेळण्यातलाही नको, तो सुरात राहत नाही आणि माणसाला वाटतं आपलंच चुकतंय. मागे लाकडी झाकण असलेला घेतलात तर आवाज मोठा येतो, पण तो उचलून खांदा निखळतो. फिरतीवरच्या माणसानं मागून उघडा घ्यावा. शिवाय उघड्याच्या पोटात टॉवेल कोंबला की शेजारची खोली तक्रार करत नाही.

मावशीनं बँजो शिकायचा बेत आम्हाला सांगितला तेव्हा पहिला धक्का आईला बसला. "तू? बँजो? आणि घरी काय सांगशील? त्यांचं डोकं?"

"घरी नाही वाजवणार," मावशी म्हणाली. "फक्त बाहेरगावी."

काकांनाही तिनं तेच सांगितलं. जेवताना, अगदी चाचरत, चोरी कबूल करावी तसं. "घरात एक सूरसुद्धा काढणार नाही, शपथ. पण स्वस्तातला घ्यायचा म्हटलं की फसायची भीती. तुम्हाला स्क्रू, नट कळतात. जरा बघायला येता का?"

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग म्हणाले, "बँजोच?"

"हो."

"मी नाही येत."

पण शनिवारी मावशी आणि मी दुकानात जायला निघालो तेव्हा काका बूट घालून दाराशी उभे होते.

दुकान म्हणजे बोळासारखी एक लांबट खोली. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या, खाली ढोल एकावर एक रचलेले, आणि शेवटी काउंटरमागे चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत असलेला दुकानदार. मावशीच्या धंद्याला हे शोभणारं गिऱ्हाईक होतं. तिनं त्याला त्याचा चष्मा दाखवला आणि तिथून त्यांचं जमलं.

त्यानं तीन बँजो काढले. एक कोरा, चकचकीत, मागे लाकडी झाकण आणि त्यावर नक्षी. दुसरा अगदी आखूड, खास प्रवासासाठी म्हणून, बॅगेत मावेल इतका. तिसरा जुना, मागून उघडा, कडं काळवंडलेलं, कुणीतरी विकून गेलेला. मावशीची नजर चकचकीत बँजोवरून हलेना.

"हाच घ्या ताई," दुकानदार म्हणाला. "नवा आहे, आणि जुन्यापेक्षा फार महागही नाही."

मावशीनं तो मांडीवर घेतला. सांगितलं तशी एक तार दाबली. बोट लालेलाल झालं, पण आवाज आला तो नुसता 'ठक'.

"सवय होते," दुकानदार म्हणाला.

"तारा उंच आहेत," दारातून काका म्हणाले. ते आत आलेच नव्हते, उंबऱ्याशी उभे होते. "दांड्यापासून इतक्या वर असल्यावर बोटाची सालं निघतील. महिन्याभरात सोडून देईल ती."

मग ते आले. चकचकीत बँजो उचलून त्यांनी नेम धरल्यासारखा डोळ्याला लावला आणि दांड्यावरून पाहिलं. "दांडा वाकलाय." पाचव्या तारेची खुंटी, जी दांड्याच्या मध्यावरच कुशीला असते, ती त्यांनी जराशी पिळली आणि सोडली. ती आपोआप मागे फिरली. "ही धरत नाही. दर गाण्याला तार उतरेल." तो बाजूला ठेवला. आखूड बँजोकडे नुसतं पाहून म्हणाले, "हा शिकलेल्याला ठीक आहे. यात दांड्यावरचे पडदे इतके जवळजवळ आहेत की नवख्याची दोन बोटं एका जागी येणार."

मावशी माझ्याकडे बघून हसली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. बघ, आमच्या माणसाला यंत्र म्हटलं की काहीही कळतं.

जुना बँजो काकांनी उलटा केला. आत बोट फिरवलं, कडं चाचपलं. तोंडावर ताणलेलं आवरण कातड्याचं नव्हतं, प्लॅस्टिकचं होतं. "हे बरं. दमट हवेत कातडं ढिलं पडतं." दुकानदाराकडून पाना मागून घेतला आणि कड्याभोवतीचे नट आवळायला लागले, एक इकडचा, एक समोरचा, जसे गाडीच्या चाकाचे आवळतात. मधेच कान लावून टिचकी मारत होते. तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, म्हणजे घोडी, चिमटीत धरून केसभर पुढे सरकवली. मग खुंट्या पिळायला लागले.

इथे मला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. ते कशाशी ताडून बघत नव्हते. दुकानदारानं सूर जुळवायचं यंत्र पुढे केलं होतं, ते तसंच काउंटरवर पडून होतं. काकांची मान एका बाजूला कललेली, डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर. एक तार, दुसरी, तिसरी. मग त्यांनी अंगठा आणि दोन बोटं तारांवर ठेवली, बहुधा फक्त तपासायला.

आणि ते वाजवायला लागले.

मी हे आजवर कितीतरी जणांना सांगितलंय आणि दर वेळी सांगताना माझी वाचा अडखळते. मीटर दुरुस्त करणारे, बातम्यांनंतर रेडिओ बंद करणारे माझे काका बँजो वाजवत होते, आणि तो असा की मण्यांची माळ तुटून फरशीवर सांडत राहावी. मधे दोनदा बोट अडखळलं. त्यांनी मान झटकली आणि तीच ओळ पुन्हा घेतली, या खेपेला साफ. दुकानदाराचा चष्मा नाकावरून खाली आला, तो त्यानं तसाच राहू दिला. बाहेरून जाणारी एक बाई दाराशी थांबली. काकांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ते काका दिसतच नव्हते.

मग त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं असावं. त्यांनी तळवा तारांवर आपटून आवाज बंद केला.

"हा घे," ते मावशीला म्हणाले, तिच्याकडे न बघता. "बाकीचे नको."

दुकानदार म्हणाला, "साहेब, कुठे वाजवता?"

"वाजवत नाही."

मावशी एका ढोलावर बसली होती. कधी बसली कुणी पाहिलं नाही. "तुम्हाला येतं?" तिनं विचारलं. एखाद्या परक्या माणसाला विचारावं तसं.

"यायचं."

"कुणी शिकवलं? तुमच्या भावानं?"

काकांनी बँजो काउंटरवर ठेवला, पाना दुकानदाराला परत दिला, हात रुमालाला पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

मावशी उठली आणि बँजो न घेताच बाहेर पडली. बसस्टॉप मागे गेला तरी थांबेना. मी तिच्या मागे, काका माझ्या मागे. सगळा बाजाररस्ता आम्ही असे एका रांगेत चालत गेलो. घरी आल्यावर ती सरळ फोटोपुढे जाऊन उभी राहिली. नाकाचा शेंडा काचेला टेकेल इतकी जवळ. कामावर लोकांच्या डोळ्यांत बघते तशी.

काका दारातच थांबले होते.

"ही टोपी काढली आणि दाढी काढली," मावशी म्हणाली, "तर हे कोण आहे?"

"मी," काका म्हणाले.

मला वाटलं मावशी ओरडेल. ती अगदी हळू म्हणाली, "आणि माझा दीर?"

"नाही."

"नाही म्हणजे? गेला?"

"नव्हताच," काका म्हणाले. "मी एकटाच. मला भाऊ नाही."

मग तुटक तुटक करत त्यांनी सांगितलं. ऐन विशीत ते त्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले होते. पुढे पाणीपुरवठ्यात नोकरी लागली आणि लग्नाची बोलणी करायला ते मावशीच्या घरी आले. माझ्या आजोबांच्या कानावर कुठून तरी गेलं होतं. त्यांनी तोंडावरच सांगितलं, "तुम्ही कुठल्याशा कंपनीत वाजवत फिरता असं ऐकतो. तसल्या माणसाला मी मुलगी देणार नाही." नेमकी तेव्हाच मावशी चहा घेऊन बाहेर आली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "तो माझा भाऊ."

"एवढंच," काका म्हणाले. "मग बँजो विकला. वाटलं, लग्न झालं की तुला सांगू. पहिल्या वर्षी वाटलं, इतक्यात नको. मग तू तो फोटो चौकटीत घातलास. मग स्वेटर विणायला घेतलास. मग कसं सांगणार होतो?"

"आणि डोकं?"

"डोकं कधी दुखलंच नाही. गाणं लागलं की माझी बोटं हलतात. तुझ्या लक्षात आलं असतं."

मावशीनं फोटो भिंतीवरून काढला, पालथा करून टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. मी मागे गेले. मला वाटलं, फसवलं म्हणून रडतेय. तेही होतंच. पण ती म्हणाली, "अगं, मी त्याला इतकं शोधलं. एकदा एका बेवारस माणसाचं ऐकून सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते, हा तर नसेल म्हणून. आता कुणासाठी रडू सांग. तो मेलाही नाही." डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "आणि त्यांच्या डोक्यासाठी मी गुणगुणणं सोडलं. इतकी वर्षं ओठ शिवून बसले. कशासाठी? त्यांची बोटं दिसू नयेत म्हणून."



दुसऱ्या दिवशी सकाळी ती फिरतीवर निघून गेली. पुढचं ड्रायव्हरदादांनी सांगितलं. पहिल्याच मुक्कामाला लॉजचा मॅनेजर, नेहमीचा ओळखीचा माणूस, चावी देताना आपणहून म्हणाला, "ताई, तुमच्या दिराची काही खबर नाही बरं का अजून."

मावशी चावी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "सापडला."

"अरे वा. कुठे होता?"

"घरीच," मावशी म्हणाली आणि जिना चढून गेली. मॅनेजरनं ड्रायव्हरदादांकडे पाहिलं. ड्रायव्हरदादांनाही काहीच माहीत नव्हतं. दोघंही आ वासून जिन्याकडे बघत राहिले.

परत आल्यावर मावशी घरी जायच्या आधी एकटीच दुकानात गेली आणि तो जुना, मागून उघडा बँजो घेऊन आली. दुकानदारानं पहिले धडे द्यायचंही कबूल केलं. काकांना तिनं सांगितलं, "मी घरात वाजवणार. वाटेल तेव्हा. आणि तुम्ही या वाद्याला हात लावायचा नाही, चूक दाखवायची नाही."

"बरं," काका म्हणाले.

पुढचे काही महिने त्यांनी काय सोसलं ते मी पाहिलंय. मावशी बाहेरच्या खोलीत बसून एकच ओळ शंभरदा चुकवत असे, आणि काका स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेले असत. चुकीच्या सुराला त्यांच्या खांद्याला झटका बसे, चिमटा काढल्यासारखा. पण ते तोंड उघडत नसत. तार उतरलेली असे, मावशीला कळत नसे, आणि त्यांचा जीव नुसता कासावीस होई. आई एकदा मावशीला म्हणाली, "आता पुरे कर. माफ करून टाक."

"माफ कधीच केलंय गं," मावशी म्हणाली. "पण धक्का उतरत नाही. सकाळी चहाचा कप पुढे ठेवते आणि वाटतं, हा कोण बसलाय? स्वेटर देऊन टाकला त्यांना. मापाला बरोब्बर बसला. तेव्हा पुन्हा दचकले. दिराचं माप मी कुणावरून घेतलं होतं? यांच्यावरूनच ना."

मधे एकदा फिरतीवर, कुठल्याशा दमट गावी, तिच्या बँजोची एक तार खरखरायला लागली. तिनं खुंट्या पिळून पाहिल्या, पोटातला टॉवेल काढून पाहिला. शेवटी घरी फोन लावला. मी त्या दिवशी तिथेच होते.

"तार खरखरतेय," ती म्हणाली. बाकी काही नाही.

काका फोन कानाला लावून उभेच राहिले. "वाजव बघू एकेक." फोनमधून बारीक आवाज आले. "थांब. ती तिसरी. अगदी वरच्या पडद्यावर दाबून वाजव. आता मधल्यावर. हं. घोडी तिरकी झालीये. चिमटीत धरून जरा सरळ कर, तारा ढिल्या केल्याशिवाय ओढू नकोस." थोड्या वेळानं एक तार वाजली, स्वच्छ.

मला वाटलं आता ती फोन ठेवेल. तिनं ठेवला नाही. तिला येत होतं तेवढं एकच गाणं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं, तीन ठिकाणी चुकली, आणि चुकल्यावर न थांबता पुढे गेली. काका ऐकत होते. त्यांचा दुसरा हात पँटच्या शिवणीवर होता, आणि त्याची बोटं चालत होती. मी बघतेय हे त्यांना दिसलं. त्यांनी हात लपवला नाही.

"आता तुम्हाला चूक सांगायची असेल तर सांगा," फोनमधून मावशी म्हणाली.

"अंगठा घाई करतोय," काका म्हणाले. "बाकी काही नाही. अंगठ्याला थोडं थांबायला सांग."

मग पलीकडून अगदी बारीक आवाजात, शब्द नसलेलं, काहीतरी ऐकू यायला लागलं. बँजो नव्हता तो. ती तेच गाणं गुणगुणत होती, अंगठ्याला लय सांगत. काकांनी मला जवळ बोलावलं आणि फोन मधे धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं.